डोंगराला वळसा घालून निसर्गाकडे

मुलुंड

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक डोंगर दिसतो. त्याच्यावर जंगल आहे, आणि ते जंगल डोंगर चढून पलीकडे उतरलं की बोरिवली लागते. म्हणजे जंगल एकच, त्याला दारं दोन. आपल्या बाजूचं दार आमच्या बिल्डिंगपासून चालत जाण्यासारखं. असं असताना आमच्या सोसायटीने दिवाळीच्या सुट्टीत मुलांचं निसर्ग शिबीर नेलं ते बोरिवलीच्या बाजूला, खास बस ठरवून, ठाण्याहून घोडबंदरमार्गे. कारण विचारलं तर सेक्रेटरी कर्णिक म्हणाले, मुलांना आपण कुठेतरी गेलो असं वाटलं पाहिजे. त्या प्रवासाची ही हकिगत, जे आले नाहीत त्यांच्यासाठी लिहीत आहे. जे आले होते त्यांतले दोघेतिघे मी लिहायला बसले आहे हे कळल्यापासून जिन्यात मान फिरवून जातात.

शिबिराची कल्पना निघाली एका खड्ड्यावरून. बिल्डिंगच्या मागे, पाण्याच्या टाकीला लागून जी पडीक जागा आहे, तिथे मुलांनी मे महिन्यात खड्डा खणला. पुढारी माझी मुलगी प्राची, इयत्ता पाचवी. घरातला ओला कचरा मातीत कुजवला की खत होतं असं शाळेत बाईंनी सांगितलं होतं. बाकीच्या वर्गाने ते उतरवून घेतलं, आमच्या बाईसाहेबांनी खणायला घेतलं. मग घराघरांतून सालं, देठं, चहाचा चोथा गोळा व्हायला लागला. माझ्या सासूबाईंनी कुडाळहून आणलेली लाल भोपळ्याची बी त्यात टोचली आणि मासे धुतलेलं पाणी रोज खाली नेऊन ओतायला सुरुवात केली. वेल असा माजला की टाकीवर चढला. दिवाळीपर्यंत त्याला मुठीएवढे भोपळे धरले होते. टीव्हीवर रविवारचा सिनेमा चालू असताना ही पोरं त्या भोपळ्यांपुढे उकिडवी बसलेली असायची, यावरून काय ते समजा.

आणि नेमकी तीच जागा स्कूटरच्या शेडला हवी झाली. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेल्यांचे नंबर त्या वर्षी एकदम लागले, त्यांत आमचे हेही होते. स्कूटर दारात आली तेव्हा ह्यांनी नारळ फोडला, हार घातला, आणि पुढे एकदा ती पावसात भिजताना दिसली तेव्हा स्वतः भिजत जाऊन तिच्यावर माझी चांगली चादर टाकली. कमिटीने खड्डा बुजवून शेड घालायचं ठरवलं. मुलांनी जिन्यात ठाण मांडलं. तेव्हा कर्णिकांनी तोडगा काढला. म्हणाले, खड्ड्याचं पुढे बघू, आधी या मुलांमध्ये निसर्गाची आवड निर्माण केली पाहिजे. आवड आहे की त्यांना, असं मी म्हटलं. तशी नाही मिसेस परब, पद्धतशीर, असं ते म्हणाले.

प्राचीने अट घातली. खड्डा बुजवणार नाही असा शब्द मिळाला तरच मुलं बसमध्ये चढतील. कर्णिकांनी सगळ्यांसमोर शब्द दिला. प्राचीने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि शनिवारी सकाळी आम्ही निसर्गाकडे निघालो. मुलींवर लक्ष ठेवायला म्हणून माझी नेमणूक झाली होती. ह्यांना ऑफिसचं काम होतं.

घोडबंदर रोड

बसमध्ये आणि टपावर काय काय चढलं ते सांगायला हवं. कर्णा, कापडी फलक, कॅरम बोर्ड, दोन गॅसच्या शेगड्या, थर्माकोलच्या ताटल्यांचे गठ्ठे, दिवाळीत उरलेल्या फराळाचे डबे आणि निलगिरीची रोपं. रोपांचं असं की आमच्या कंपाऊंडमध्ये मागच्याच वर्षी लाद्या बसवल्या. झाडं कुंपण खराब करतात म्हणून तीही काढली. आता वृक्षारोपणाला जागा उरली नाही, तेव्हा झाडं जंगलात नेऊन लावायची ठरली. जंगलात झाडांची टंचाई असल्याचं मी तरी कुठे ऐकलं नव्हतं.

घोडबंदरच्या रस्त्याला एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी आहे. खाडीत भरती होती, तिवरांच्या मुळांत पाणी शिरलं होतं आणि बगळे अगदी काठाला उभे होते. मुलं खिडक्यांना चिकटली. कर्णिकांनी कर्णा तोंडाला लावून, मुलांनो, आता आपण खाडी हा विषय पाहू, अशी सुरुवात केली. ते व्याख्येपर्यंत पोचेस्तोवर खाडी मागे पडली आणि वीटभट्ट्या आल्या. एका मुलाला उलटी झाली. आमच्या वेळी मुलं घाटात ओकायची, हल्ली सपाटीवरही ओकतात, असं कर्णिकांच्या सौभाग्यवती म्हणाल्या. त्या पोराने सकाळी चिवडा, चकली आणि शंकरपाळे तिन्ही खाल्ले होते, आणि ते त्यांनीच वाढले होते.

बोरिवली, शनिवार

जंगलाच्या कडेला एका ट्रस्टची धर्मशाळा आहे, तिथे आमचा मुक्काम. कौलारू पडवी, पुढे चिंचेचं थोरलं झाड, मागे ओढा. जागा इतकी छान की मुलं बसमधून उतरली ती थेट ओढ्यात. त्यांना बाहेर काढून, अंग पुसून, रांगेत बसवून कर्णिकांनी उद्‌घाटन केलं. ‘निसर्ग वाचवा’ हा फलक चिंचेच्या खोडाला खिळे ठोकून लावण्यात आला.

धर्मशाळेचा रखवालदार साताऱ्याकडचा होता. इथे वाघ दिसतो का, असं मुलांनी विचारलं. त्याने सांगितलं की दिवेलागण झाली की तो आतून कडी लावतो, त्यामुळे वाघ असला तरी भेट होत नाही. त्याला स्वतःला जंगल फारसं पसंत नव्हतं. ओळखीने कुर्ल्याला कुठे नोकरी लागेल का, असं तो आमच्यातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला एकदा विचारून गेला. त्याची बायको मात्र मोकळी बाई. तांदळाच्या भाकऱ्या आणि चवळीची उसळ तिने अशी केली की मुलांनी फराळाच्या डब्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. ती जेवायला पळसाच्या पत्रावळी घेऊन आली होती. कर्णिकांनी त्या परत पाठवल्या. आपण थर्माकोल आणला आहे, तो हलका असतो आणि धुवायला लागत नाही, असं त्यांनी तिला समजावलं. पत्रावळही धुवायला लागत नाही, हे ती बोलली नाही. तिने पत्रावळी म्हशीपुढे टाकल्या आणि म्हशीने खाल्ल्या.

बोरिवलीकरांबद्दल आमच्याकडे बरेच समज आहेत. इथे पाणी जास्त येतं, माणसं सावकाश बोलतात वगैरे. मला दिसलं ते एवढंच की जंगलाला लागून राहणारी माणसं सकाळी जंगलात येतात आणि ट्रान्झिस्टर लावून चालतात. आम्ही मुलुंडकर त्या डोंगराकडे फक्त पाऊस आला का हे बघायला बघतो. कोण शहाणं, हे मी ठरवायला जात नाही.

दुपारी पक्षिनिरीक्षण झालं. कर्णिकांच्या भावाने परदेशातून पाठवलेल्या कॅलेंडरवर पक्ष्यांची सुंदर चित्रं होती. ती मुलांना आधी दाखवण्यात आली आणि मग तेच पक्षी शोधायला मुलांना बाहेर काढण्यात आलं. कर्णिक पुढे, हातात कर्णा, आणि दर पाच पावलांना ‘शांतता राखा’ ही सूचना. एवढी सूचना ऐकल्यावर पक्ष्यांनीही शांतता राखली. ओढ्यावरून गेलेल्या तारेवर एक खंड्या तेवढा बसून होता, निळाजर्द. मुलांनी बोट दाखवलं. तो कॅलेंडरवर नव्हता, त्यामुळे पुढे चला असा हुकूम झाला.

मग पानं गोळा करण्याची स्पर्धा. जो जास्तीत जास्त पानं आणील तो निसर्गमित्र. अर्ध्या तासात धर्मशाळेच्या मागची सगळी झुडपं मुंडण केल्यासारखी दिसायला लागली. ज्या मुलाने आख्खी फांदीच ओढून आणली त्याला बक्षीस म्हणून फुटपट्टी मिळाली.

प्राची त्या स्पर्धेत नव्हती. मी शोधत गेले तर ओढ्यापलीकडे एका झाडाखाली ती पोटावर पालथी पडली होती. वरची वाळकी पानं बाजूला सारून खालची काळी माती ती हातात घेऊन वास घेत होती. मी ओरडणार तेवढ्यात तिनेच ओंजळ माझ्या नाकाशी आणली. खरं सांगते, छान वास होता. आमच्या गावच्या घरामागे फणसाच्या बुंध्याशी तसा वास यायचा, आणि मला एकदम माझ्या आईची आठवण झाली. इथे कोणी सालं आणून टाकत नाही तरी खत होतं, मग आपल्या खड्ड्यात ही थोडी घातली तर आपला कचरा लवकर कुजेल, असं तिचं गणित होतं. तिने जेवणाचा डबा रिकामा करून त्यात ती माती भरली. भोपळ्यांना मानवेल म्हणाली. त्या दोन दिवसांत मला जे काही समजलं ते एवढंच, आणि ते कार्यक्रमात नव्हतं.

संध्याकाळी टोपलीत सीताफळं घेऊन बायका आल्या. मुलांनी हात, तोंड, फ्रॉक बरबटून खाल्ली. बिया आणि सालं खड्ड्यासाठी घरी न्यायची असा मुलांचा बेत. पण सौभाग्यवती कर्णिकांना बसमध्ये कचरा नको होता. स्वच्छतेचं महत्त्व मुलांना पटवण्यात आलं. सगळी सालं, त्यात थर्माकोलच्या ताटल्या, हे सारं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत नीट भरून, गाठी मारून, पिशव्या ओढ्यात सोडण्यात आल्या. परिसर अगदी चकाचक झाला.

बोरिवली, रविवार

सकाळी वृक्षारोपण. निलगिरीची रोपं लावायला मोकळी जागा मिळेना, म्हणून करवंदीची जाळी तोडून जागा करण्यात आली.

समारोपाला प्रमुख पाहुणे आले. ते मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ, एका साप्ताहिकात निसर्गावर सदर लिहितात. निसर्गात आल्यावर माणूस लहान होतो या विषयावर ते बराच वेळ बोलले. मुलं पेंगली. शेवटी पाहुणे म्हणाले, बाळांनो, काहीही विचारा. अशा वेळी कोणी काही विचारत नाही, तशी पद्धत आहे. प्राचीने हात वर केला.

"काका, आमच्या सोसायटीत आम्ही खताचा खड्डा केलाय. कर्णिककाकांनी शब्द दिलाय की तो बुजवणार नाहीत. तुम्ही पण त्यांना एकदा सांगाल का? तुमचं ऐकतील ते."

पाहुण्यांचा चेहरा खुलला. कसला खड्डा, कुठे, केवढा, त्यांनी सगळं विचारून घेतलं. कर्णिकांनी कर्णा हातात घेतला. मला वाटलं आता ते विषय बदलतील. पण टाळ्या ऐकल्या की माणसाचं काही खरं नाही. हा आमच्या सोसायटीचा आदर्श उपक्रम आहे, कमिटीचं त्याला पहिल्यापासून मार्गदर्शन आहे, असं ते सांगत सुटले. पाहुणे म्हणाले, वा, मग पुढच्या रविवारी मी फोटोग्राफर घेऊन तो बघायलाच येतो, सदरात लिहितो. टाळ्या झाल्या. प्राची माझ्याकडे बघून इतकी हसली की मीही हसले. कर्णिक तेवढे खाली बसले आणि पाणी मागायला लागले. उन्हाचं झालं असेल असं मला वाटलं.

पुन्हा मुलुंड

बस थांबताच प्राची डबा घेऊन धावत मागे गेली. मी सामान उतरवून पोचले तेव्हा ती तशीच उभी होती. खड्डा नव्हता. त्या जागी विटांचे तुकडे आणि रेती चोपून बसवलेली होती, वेलाचं एक टोक टाकीवरून लोंबत होतं, आणि रेतीवर आमची स्कूटर स्टँडला लावलेली होती. माझी चांगली चादर तिच्यावर होती.

सासूबाई पायरीवर बसल्या होत्या.

"तुझ्या घोवानच बुजवल्यान गो," त्या म्हणाल्या. "माणसा घेवन इलो नि बुजवन टाकल्यान. माका इचारल्यान पण नाय."

 प्राचीने डब्याचं झाकण घट्ट केलं आणि वर निघून गेली. मला मात्र तिथेच रडू आलं. मुलांना फसवायला आम्ही मोठी माणसं बस ठरवून केवढा वळसा घालून आलो होतो.

कर्णिकांना गाठलं. ते म्हणाले, मिसेस परब, शब्द मी दिला होता आणि मी तर तुमच्याबरोबर बोरिवलीत होतो, काम परबांनी केलं. घरी ह्यांना गाठलं. हे म्हणाले, कर्णिकांनीच सांगितलं की मुलं नसताना उरकून घ्या, त्रास कमी होईल, आणि स्कूटर पावसात सडली तर काय करायचं. मी म्हटलं, पाऊस आता पुढच्या जूनला. प्राचीने बापाशी बोलणं टाकलं. रुसवा नव्हता तो, समोर असूनही ते तिला दिसतच नव्हते. ह्यांनी तिच्यासाठी जिलबी आणली, ती तशीच पाकात थिजून गेली.

पुढचा रविवार

पाहुणे येणार या धसक्याने आठवडाभर आमच्या सोसायटीत जे चाललं ते पाहायला बोरिवलीपर्यंत जायची गरज नव्हती. ज्या कमिटीने खड्डा बुजवला ती कमिटी ऑफिसातून आल्यावर आमची स्कूटर जरा कडेला सारून खड्डा खणायला लागली. विटा टणक, हात नाजूक, तेव्हा घमेलंभर माती निघाली की समाधान मानण्यात आलं. ज्या कर्णिकांना सालांचा वास सहन होत नव्हता ते दारोदार सालं मागत हिंडले. तळमजल्यावरच्या एका बाईंनी तर बटाट्याची सालं धुऊन, निथळून, डब्यात भरून दिली. मेलेला वेल ओढून पुन्हा टाकीवर चढवण्यात आला. आणि भोपळा नसेल तर फोटो कसला, म्हणून कर्णिकांनी ह्यांना मार्केटात पिटाळलं. हे एक चांगला थोरला लाल भोपळा घेऊन आले आणि सुतळीने तो वेलाला बांधला.

प्राची खाली यायला तयार नव्हती. सासूबाईंनी तिचा हात धरून आणली.

पाहुणे आले, हार घालून घेतला, धुतलेली सालं पाहून प्रसन्न झाले. मग भोपळ्यावर हात ठेवून त्यांनी प्राचीला पुढे घेतलं आणि विचारलं, "काय गं, एवढा व्हायला किती वेळ लागला याला?"

बोरिवलीत भर सभेत बोलणारी ही मुलगी गप्प उभी राहिली आणि तिने बापाकडे बघितलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच बघितलं. बापाला लोकांसमोर खाली बघायला लावायचं नाही असं तिच्या मनात होतं, की आता हे काय करतात ते तिला बघायचं होतं, मला अजून कळलेलं नाही. आमचे हे सोसायटीच्या मीटिंगला मागच्या रांगेत बसतात आणि ज्या बाजूला जास्त हात असतील त्या बाजूला आपला वर करतात. त्यांच्याकडून माझी काही अपेक्षा नव्हती. ते पुढे आले.

"साहेब, हा भोपळा मार्केटातला आहे. मी आणलाय. मुलांचा खड्डा मी वेलासकट बुजवला, माझ्या स्कूटरसाठी. ती बोरिवलीला गेली होती तेव्हा."

मग कर्णिक मोठ्याने हसले. आमचे परब म्हणजे भारी गमतीशीर, असं त्यांनी पाहुण्यांना सांगितलं. पाहुणे क्षणभर घोटाळले, पण फोटोग्राफर रोल लावून तयार होता, वर चहा आणि बटाटेवडे तयार होते. तेही हसले. भोपळ्याला धरून फोटो झाला, कर्णिकांचा हात सर्वांत वर. पुढे तो सदरात छापूनही आला आणि खाली आमच्या सोसायटीची तोंडभर स्तुती होती. खरं बोललेलं कोणाच्या कानावर पडायचं नसेल तर ते चारचौघांत बोलावं, हे मला त्या दिवशी कळलं.

एकीच्या कानावर मात्र ते पडलं होतं. सगळे चहाला वर गेले तरी प्राची तिथेच थांबली. ह्यांनी स्कूटर ढकलत नेऊन फाटकाजवळ उघड्यावर लावली, चादर काढून माझ्या हातात दिली, शर्ट काढून टाकीवर ठेवला आणि कुदळ उचलली. विटा फोडताना त्यांच्या हाताची सालटी निघाली. सासूबाई पायरीवरून बघत होत्या, त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही, हे आमच्या घरात नवलच. मी पाणी आणून दिलं. ह्यांनी गुडघाभर खणलं, घाम पुसला आणि पोरीला विचारलं, "एवढा पुरे?"

प्राची खड्ड्यात उतरली. ताठ उभी राहिली. मुलांचा आधीचा खड्डा तिच्या कमरेपर्यंत यायचा. काठ कुठे येतो ते तिने हात लावून बघितलं.

"अजून, बाबा," ती म्हणाली.